पॉइंट किती आणि पाणी किती? मालवण किनाऱ्यावरच्या समुद्रसफरींचा आढावा

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर सुट्टीच्या दिवसांत फलकांची दाटी असते. डॉल्फिन पॉइंट, संगम, भोगवे, किल्ले निवती, गोल्डन रॉक, सीगल आयलंड, त्सुनामी आयलंड. शिवाय स्नॉर्कलिंग, स्कूबा आणि बनाना राइड. फलकावर नावे जितकी जास्त तितके पॅकेज भारी, असा इथला साधा हिशेब आहे आणि गिऱ्हाईकही त्याच हिशेबाने सौदा करते. शेजारचा सात पॉइंट दाखवतो, मग तुम्ही पाचच का?

सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. तेव्हा ‘बोटीने जायचे’ म्हणजे मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचे आणि तासाभराने परतायचे, एवढाच अर्थ होता. आज होडीत बसून किनारा पाहणे, मध्येच पाण्यात उतरणे, मासे पाहणे आणि वाळूच्या बेटावर भटकणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. या किनाऱ्यावरच्या कित्येक कोळी आणि गाबीत घरांचा हंगाम त्यावर चालतो. या सफरी चांगल्या आहेत का, सुरक्षित आहेत का, त्यांनी समुद्राचे नुकसान होते का, असे प्रश्न सुटे सुटे विचारले जातात. माझ्या मते या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे: कमी वेळात जास्त पॉइंट विकण्याची स्पर्धा. सफरीचा दर्जा पॉइंटच्या संख्येवरून ठरवू नये. एका थांब्याला किती वेळ मिळाला आणि तिथे किती होड्या होत्या, यावरून तो ठरवावा.

पंचांगातला समुद्र

फलकावर कधीच न लिहिलेल्या गोष्टीपासून, म्हणजे भरती-ओहोटीपासून, सुरुवात करू. कोकणात एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला साधारण सहा वाजता, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा हिशेब ढोबळ आहे आणि बंदराप्रमाणे थोडा मागेपुढे होतो, पण सफर ठरवायला पुरेसा आहे.

यात दुसरा हिशेब मिळवायचा तो ओढीचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि तळाची वाळू ढवळून काढते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत, भांगाच्या भरतीला, ही ये-जा मंद असते आणि गाळ खाली बसायला वाव मिळतो. तिसरा हिशेब वाऱ्याचा. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारे वाहतात आणि किनाऱ्याजवळचा समुद्र शांत असतो. दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि पाणी उचलायला लागते. फेब्रुवारीनंतर दुपारचा हा वारा आणखी जोर धरतो.

तिन्ही हिशेब एकत्र मांडले की एक उपयोगी गोष्ट दिसते. नवमी ते एकादशी या दिवसांत सकाळची भरती पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते, ओढ कमी असते आणि वारा पडलेला असतो. पाण्यात डोके घालून काही पाहायचे असेल तर याहून चांगली वेळ नाही. पण त्याच दिवशी देवबागजवळचे वाळूचे बेट, ज्याला सारे त्सुनामी आयलंड म्हणतात, ओहोटीला म्हणजे दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान नीट उघडे पडते. सकाळी तिथे गेलात तर गुडघाभर किंवा त्याहून जास्त पाण्यात उभे राहावे लागेल. म्हणजे ‘सगळे पॉइंट एकाच फेरीत’ हे आश्वासन समुद्रच पाळू देत नाही. तीन तासांच्या फेरीत निवळ पाणी आणि कोरडे बेट ही दोन्ही सुखे मिळणे जवळजवळ अशक्य आहे. पॅकेज मात्र सकाळी आठला निघणाऱ्यालाही तेच आणि दुपारी तीनला निघणाऱ्यालाही तेच विकले जाते.

थांब्यांची पारख

देवबागकडून निघणाऱ्या होड्या कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडतात. नदी आणि समुद्र मिळतात तो संगम पाहायला सुंदर आणि पोहायला वाईट. ओहोटीच्या वेळी खाडीचे सारे पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर धावते. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचाही इलाज चालत नाही. पुढे भोगव्याचा लांबलचक किनारा आणि निवतीचा किल्ला लागतो. या टप्प्यात पोहण्यापेक्षा पाहण्यासारखे जास्त आहे: जांभ्याचे कडे, त्यांवर आदळणारे पाणी, उन्हात पिवळा दिसणारा गोल्डन रॉक. इथे होडी हळू चालवली तरच पैसे वसूल होतात.

निवतीच्या पुढे, खुल्या समुद्रात, दीपगृह असलेले खडक आहेत. वेंगुर्ला रॉक्स नावाने नकाशात असलेल्या या खडकांच्या गुहांत भारतीय पाकोळ्या घरटी करतात. लाळेपासून केलेल्या या घरट्यांना परदेशात खाण्यासाठी मागणी असल्याने एकेकाळी त्यांची चोरटी विक्री होत असे. तिथवरचा प्रवास मोठा आणि लाटांचा आहे. तो सहज ‘आणखी एक पॉइंट’ म्हणून जोडण्यासारखा नाही.

मालवणच्या बाजूची सफर वेगळी. कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाचे बांधकाम शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू केले. तटाच्या आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत सिंधुदुर्गासह विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत, तेव्हा जेटीवरची रांग वाढत जाणार हे उघड आहे. स्नॉर्कलिंगच्या होड्या किल्ल्याच्या आसपासच्याच खडकाळ उथळ भागात थांबतात. मालवणच्या समुद्रसफरीतला खरा पाण्यात उतरण्याचा थांबा हाच, आणि सर्वांत नाजूक जागाही हीच.

किनाऱ्यावरच्या इतर सफरींत पोहणे जवळपास नसतेच. गेटवेहून घारापुरी हा लाँचचा प्रवास आहे. राजपुरीहून जंजिरा हा शिडाच्या होडीचा आहे आणि तेवढ्यासाठीच अनुभवावा असा. हर्णै-मुरूडला सुवर्णदुर्ग आणि डॉल्फिन. गोव्यात मात्र वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडला पोहणे, मासे धरणे, जेवण असा दिवसभराचा कार्यक्रम असतो, आणि काणकोणात पाळोळेहून लहान होड्या बटरफ्लाय बीचला जातात. मालवणातल्या कित्येक गोष्टी, चांगल्या आणि वाईट, गोव्याकडे पाहून आल्या आहेत.

पाण्यात उतरल्यावर

आपल्याकडच्या सफरींचे एक वैशिष्ट्य नीट लक्षात घेतले पाहिजे. येणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना पोहता येत नाही. त्यामुळे इथले स्नॉर्कलिंग म्हणजे लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून, तोंड पाण्यात बुडवणे. शेजारी पोहणारा मुलगा रिंग ओढत नेतो. यात कमीपणा काही नाही. पण दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे मास्क नीट बसवून तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हायलाच पाच-दहा मिनिटे जातात आणि तेवढ्यात पाळी संपते. दुसरी, गिऱ्हाइकाला मासे दिसलेच पाहिजेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकली जातात. मग पट्टेदार माशांचा एक घोळका भोवती जमतो, चित्रफीत छान येते, आणि माणसाला वाटते आपण समुद्र पाहिला. खडकावरचे शैवाल आणि सूक्ष्म जीव खाऊन जगणाऱ्या माशांना पावाची चटक लावणे त्यांच्याही हिताचे नाही आणि त्या खडकाच्याही.

स्कूबाच्या नावाने जे मिळते ते बहुधा प्रशिक्षण न घेतलेल्यांसाठीचे ओळखीचे डायव्हिंग असते. सोबतचा प्रशिक्षक सिलिंडर धरून तुम्हाला खाली नेतो आणि वर आणतो. पाणी फार खोल नसते, म्हणून ते खेळासारखे वाटते. पण दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो आणि त्यामुळे शरीरातल्या हवेच्या आकारमानात सर्वांत मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो. म्हणून कान दुखायला लागले तर खाली जायचे नाही, आणि वर येताना श्वास रोखून धरायचा नाही. हे दोन नियम पाण्यात उतरण्याआधी शांतपणे सांगितले गेले पाहिजेत. सर्दी झालेल्याने, दमा किंवा हृदयविकार असलेल्याने डॉक्टरांना न विचारता हा उद्योग करू नये. आता चिपी आणि मोपा हे दोन विमानतळ हाताशी आल्याने आणखी एक गोष्ट महत्त्वाची झाली आहे: एकदा डायव्ह केल्यावर किमान १२ तास आणि एकाहून जास्त वेळा केल्यास १८ तास विमानात बसू नये. सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान ही आखणी धोक्याची आहे.

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी होडीच्या मध्यावर किंवा मागे बसावे, मोबाइलऐवजी क्षितिजाकडे पाहावे, आणि गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी. उपाशी जाऊ नये आणि भरपेटही जाऊ नये. जीन्स घालून किंवा साडी नेसून पाण्यात उतरणे टाळावे, भिजलेले कापड माणसाला खाली ओढते. देवबागला पुष्कळदा गुडघाभर पाण्यातून होडीत चढावे लागते, होडीवर शौचालय नसते आणि कपडे बदलायला आडोसा मिळत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि बायकांना हे आधी कोणी सांगत नाही. व्यवसाय एवढा वाढला, पण किनाऱ्यावर कपडे बदलायच्या चार स्वच्छ खोल्या अजून बहुतेक ठिकाणी नाहीत.

प्रवाळ आणि डॉल्फिन

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा, आणि त्या गाभ्यातच सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड येतात. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने मच्छीमारांनी त्याला सातत्याने विरोध केला. विरोधाभास असा की, ज्या जागेवर जाळे टाकण्याबद्दल तीन दशके वाद झाला, तिथेच पर्यटकांच्या होड्यांचे नांगर रोज पडू लागले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांना मौजेच्या डायव्हिंगमुळे पोहोचणाऱ्या इजेवर २०२० साली शोधनिबंध लिहिला. प्रवाळ हा सजीव असून २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पण वाघाच्या जंगलात गाड्यांची संख्या ठरलेली असते. इथे एका खडकावर एका वेळी किती होड्या थांबाव्यात याचा आकडा फलकावर कुठे दिसत नाही.

यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. तळाला कायमचे बांधलेले तरंगते बोये ठेवले की नांगर टाकावा लागत नाही. प्रवाळावर उभे राहू नये एवढी सूचना आणि ती पाळायला लावणारा गाइड पुरेसा असतो. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने झालेल्या प्रकल्पातून स्थानिक तरुण तयार झाले. निवृत्त झालेली नौदलाची ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ बुडवून तिथे कृत्रिम अधिवास करण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला आहे. तो नीट चालला तर किल्ल्याजवळच्या नैसर्गिक खडकांवरचा भार हलका होईल. तो आणखी एक पॉइंट म्हणूनच विकला गेला तर भार तेवढाच राहील.

डॉल्फिनचा प्रश्न याच जातीचा. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात दिसणारे, पाठीवर वशिंड असलेले हे डॉल्फिन जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहेत. किनाऱ्याला धरूनच राहण्याची सवय त्यांच्या मुळावर येते. होड्या, जाळी आणि माणसे यांच्यापासून त्यांना दूर जाता येत नाही. एका कळपाभोवती आठ-दहा होड्या वेगाने गोल फिरू लागल्या की ते बुडी मारतात आणि लांब जाऊन वर येतात, मग सगळ्या होड्या पुन्हा तिकडे धावतात. चांगला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, साधारण पन्नास मीटरवर थांबतो, इंजिन मंद ठेवतो, कळपाच्या बाजूने चालतो, समोरून आडवा जात नाही. अशा होडीजवळ डॉल्फिन पुष्कळदा आपणहून येतात. पण ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ अशी जाहिरात केली की तांडेलाला पाठलाग करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सुरक्षिततेचा हिशेब

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. दिवस हंगामाच्या अगदी अखेरचे होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी कळंगुटसमोर पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला. तिन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत, त्यांना एका सुतात ओवता येणार नाही. पण प्रत्येक घटनेनंतरचे आठ दिवस सारखेच जातात: तपासणी, नोटिसा, जॅकेटची सक्ती, आणि मग गर्दीचा पुढचा शनिवार-रविवार.

नियम नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. महाराष्ट्र सागरी मंडळ होड्यांची नोंदणी, सर्वेक्षण आणि परवाने पाहते. अंतर्गत जलवाहतुकीसाठी २०२१ चा नवा कायदा आहे. राज्याचे साहसी पर्यटनाचे धोरणही २०२१ मध्ये आले. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था बोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम घेते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडीसेवा आणि जलक्रीडा बंद असतात. खरी कसोटी बंदीच्या महिन्यांत लागत नाही, ती दिवाळी आणि नाताळच्या आठवड्यात लागते. तेव्हा एका होडीला दिवसात दोन फेऱ्यांऐवजी चार करायच्या असतात. मग क्षमतेपेक्षा चार माणसे जास्त बसतात, लहान मुलाला मोठ्या मापाचे जॅकेट अडकवले जाते, आणि पोहणारे अजून शिडीपाशी असतानाच इंजिन सुरू होते.

यातली शेवटची चूक सर्वांत भयंकर. माणसे पाण्यात असताना पंखा फिरता कामा नये, हा नियम जगात कुठेही सारखाच आहे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि माणूस खाली राहतो, म्हणून पट्टे बांधून खांद्याशी ओढून पाहायला हवेत. दारू पिऊन आलेल्याला होडीत न घेणारा मालक त्या दिवशी एक गिऱ्हाईक गमावतो, पण बाकीच्या सगळ्यांचा विश्वास कमावतो.

पैसा कुठे जातो

होडीवाल्यांना दोष देऊन हा विषय मिटत नाही. यातले बरेच जण मच्छीमार घरांतले आहेत. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीशी झगडून रापणकर आणि लहान जाळेवाले थकले, मासळी कमी झाली, तेव्हा होडीला पर्यटकांचा आधार मिळाला. हंगाम मोजक्या महिन्यांचा, त्यातही खरी कमाई सुट्ट्यांच्या काही आठवड्यांतली. इंधन, खलाशी, बँकेचा हप्ता आणि रस्त्यावर गिऱ्हाईक अडवून आणणाऱ्या दलालाचे कमिशन वजा जाता जे उरते, ते फेऱ्या वाढवल्याशिवाय वाढत नाही. दर वाढवला तर शेजारी गिऱ्हाईक पळवतो. दर एकमेकांशी बांधलेले, पॉइंट मात्र मोकळे. म्हणून स्पर्धा पॉइंटवर चालते, आणि वेळ, जागा, काळजी या न दिसणाऱ्या गोष्टी आधी कापल्या जातात.

ही कोंडी इतरत्र फुटली आहे. अंदमानात वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाताना प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आणि ते बेट व रेड स्किन ही दोन बेटे वर्षात आळीपाळीने खुली ठेवतात. मराठी पर्यटक तिथे कुरकुर न करता हे नियम पाळतो. थायलंडमधला माया बे जून २०१८ मध्ये बंद केला गेला आणि जानेवारी २०२२ मध्येच पुन्हा उघडला. आता होड्या मागच्या बाजूला लागतात, माणसांची संख्या मर्यादित असते आणि तिथे पोहता येत नाही. प्रवाळ परत आले, शार्क दिसू लागले, आणि पर्यटन काही बुडाले नाही. दोन्ही ठिकाणी सरकारने एक काम केले: स्पर्धेतून वेळ आणि संख्या काढून घेतली. सगळ्यांवर सारखीच मर्यादा आली की प्रामाणिक होडीवाल्याचे नुकसान होत नाही.

मग काय ठरवावे?

मालवणसाठी यातून सरळ निष्कर्ष निघतो. किल्ल्याजवळच्या प्रत्येक खडकावर होड्यांची संख्या आणि वेळेच्या पाळ्या ठरवाव्यात, त्या पाळ्या भरतीच्या तक्त्याला बांधाव्यात, आणि ते काम होडीवाल्यांच्या सोसायट्यांच्या हातात द्यावे. दर पॉइंटवर न लावता तासावर लावावा. तासाचा दर आला की तांडेलाला घाई करण्याचे कारण उरणार नाही. पायाभूत सोयी म्हणून बोये, कपडे बदलायच्या खोल्या आणि लहान मापाची जॅकेट यांवर जेटीच्या करातला पैसा खर्च व्हावा.

हे होईपर्यंत निवड पर्यटकाच्या हातात आहे. होडी ठरवताना दराच्या आधी चार प्रश्न विचारावेत: आज भरती किती वाजता? पाण्यात किती वेळ मिळणार? होडीत माणसे किती आणि क्षमता किती? माणसे पाण्यात असताना इंजिन बंद ठेवता ना? भरतीची वेळ न सांगता येणाऱ्या माणसाची सफर घेऊ नये, मग फलकावर कितीही पॉइंट असोत. आणि ‘आज वारा आहे, पाण्यात उतरायला नको, किल्ला तेवढा बघून या’ असे सांगणारा तांडेल भेटला तर त्याचा नंबर लिहून ठेवावा. पुढच्या वेळी त्याने थोडे जास्त पैसे सांगितले तरी घासाघीस करू नये. तो जास्तीचा पैसा नेमका त्या सल्ल्यासाठीच आहे.